झरीपर्यंत गार

१

शुक्रवारी भर दुपारी, परभणीहून जिंतूरला परत येताना, डायलिसिसच्या गाडीतल्या मागच्या सीटवर महालिंगआप्पा गेले. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन होतं. गाडीला एसी होता, तरी आतली माणसं उकडून निघाली होती.

ही जुनी व्हॅन गावातल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून घेतली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती किडनीच्या पेशंटांना परभणीला न्यायची आणि परत आणायची. शनिवारी सकाळी गॅरेजवाल्यानं एसी लावून पाहिला, तर वारा थंडगार आला. एसी चांगला आहे, म्हणजे ड्रायव्हरनं बंद केला होता. गावाला एवढं पुरलं.

रविवारी सकाळी त्या ड्रायव्हरची आई, चांगुणाबाई, माझ्या दारात उभी राहिली. ती स्वतःही त्याच गाडीची पेशंट. तोंड सुजलेलं, हाताला पट्टी. चालत आली होती, म्हणून उंबऱ्यावरच बसली.

"बन्सीभाऊ, तुमी चाळीस वर्सं फ्रीज-एसी दुरुस्त केले. माझ्या पोरानं एसी बंद केला का न्हाई, एवढंच मला बघून सांगा."

"दुकान बंद करून वर्ष झालं, चांगुणाबाई. डोळ्याला दिसत न्हाई."

"कानाला ऐकू येतं ना? आप्पाचा रुद्रेश आज सहा वाजता ठाण्यात जायलाय. कागद लिहून ठेवलाय त्यानं. धम्मदीपला नेलं तर उद्या मला परभणीला कोण नेईल? दुसरी गाडी न्हाई. एसटीत म्या उभी राहू शकत न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्या त्याच गाडीत बसले होते. तो आपल्या आईला भाजून काढंल का?"

मी चप्पल घातली. तिला सांगितलं नाही, पण त्या गाडीच्या एसीवरून माझाही हात फिरलेला होता.

२

धम्मदीप घराच्या मागच्या भिंतीला टेकून बसला होता. तिशीचा माणूस, पण दोन दिवसांत गाल आत गेलेले. मला बघून उठला नाही. कुणी आलं की शिव्या द्यायलाच आलं, असं त्याला वाटत असावं.

"तू एसी बंद केलास का?" मी विचारलं.

"न्हाई."

"गाडीतला दत्तराव म्हणतो, तुझा हात बटनाकडं गेला होता."

"गेला होता, मामा. झरी गावाच्या पुढं आईनं सांगितलं, गार यायचं बंद झालं. मग बटन फिरवून बघितलं. बंद केलं, परत लावलं. गाडी थांबवली, बोनेट उघडलं. इंजिन बरोबर होतं."

"मागच्या महिन्यात बंद केला होतास म्हणे."

त्यानं मान खाली घातली. "एकदा. इंजिन तापून काटा लालीत गेला होता, पाच मिनिटं बंद ठेवला. तेवढ्यावर आता माझी फाशी."

"झरीपर्यंत गार होतं?"

"गारच होतं. परभणीत गाडी सुरू ठेवून सगळ्यांना बसवलं. आप्पा मागच्या सीटवर आडवे. त्यांच्या मंडळी, सिद्धम्माकाकू, त्यांच्याजवळ. झरी येईपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं."

"मग गरम वारा यायला लागला?"

धम्मदीपनं विचार केला. हा विचार केला म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवला. खोटं बोलणारा माणूस या प्रश्नावर थांबत नाही.

"गरम वारा न्हाई, मामा. वाराच यायना गेला. आधी कमी झाला, मग न्हाईच."

"ब्लोअरचा पंखा बंद पडला असंल."

"पंख्याचा आवाज यायलता. लय जोरात. आत पंखा फिरायलाय अन् बाहेर काहीच न्हाई."

एसी बंद केला तर पंखा चालू राहतो आणि गरम वारा जोरात येतो. गॅस गेला तरी वारा जोरातच येतो, फक्त गरम. पंखा बंद केला तर आवाज जातो. पंखा ओरडतोय आणि वारा मात्र नाही, असं एकाच वेळी होतं, आणि त्याला ड्रायव्हरचा हात लागत नाही.

मला ते कारण कळलं. त्याबरोबर दोन उन्हाळ्यांपूर्वीची एक दुपारही आठवली.

"मामा, सुटंन का म्या?"

"सहा वाजायला अजून वेळ हाय," मी म्हणालो.

३

नागेशचं गॅरेज बसस्टँडच्या मागे. तो माझ्याच हाताखाली शिकलेला, पण आता मला शिकवतो.

"मामा, माझ्याकडं नका बघू. आठ दिवसांपूर्वी मी पूर्ण सर्व्हिस केली. पुढचा कंडेन्सर धुतला. जिनिंगचा कापूस बसला होता त्यात, गोधडी भरावी इतका. मागची फिल्टरची जाळी धुतली. गॅस बघितला. काल सकाळी लावून बघितला तर गार. माझं काम चोख हाय."

"शनिवारी सकाळी गाडी उघडलीस तेव्हा काही वेगळं दिसलं?"

"काय दिसणार? माणूस गेलेल्या गाडीत म्या जास्त बघत न्हाई." मग आठवून म्हणाला, "मागची चटई ओली होती. पिळली तर पाणी निघालं. आप्पाच्या तोंडावर पाणी मारलं असंल, म्हणून वाळत टाकली."

"पाणी तोंडावर मारलं तर सीट ओली होते. सीट ओली होती?"

"न्हाई." नागेशनं पान्यावरची बोटं थांबवली. "सीट कोरडी होती. कुठनं आलं मग पाणी?"

त्याला उत्तर न देता मी दत्तरावांकडे गेलो. हा तिसरा पेशंट. निवृत्त तलाठी, आजारानं अर्धा झालेला, जिभेनं मात्र पूर्ण.

"या बन्सीधर. खुनी सापडला का?"

"सापडायचाय. तुमी कुठं बसला होता?"

"आप्पाच्या पुढच्या सीटवर, खिडकीशी. खिडकी उघडली तर चुलीतला वारा आत आला. सिद्धम्मा म्हणाली, लावा ती. लावली. मग आत शिजलो."

"वारा कधी थांबला?"

"झरी गेल्यावर. म्या तोंडावर उपरणं टाकून पडलो होतो. वरच्या भोकातून वारा आला की उपरणं हलायचं. ते हलायचं थांबलं, म्हणून तर जाग आली." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्या पोराचा हात बटनाकडं गेलेला म्या बघितला. विचारतील तर सांगणार. पण हात गेला एवढंच सांगणार. बंद केला असं म्या म्हणत न्हाई, रुद्रेश म्हणतो."

"अजून काही लक्षात आलं?"

"वास. लय चांगला वास यायलता, वाळ्याचा. थंड माठातल्या पाण्यासारखा. आमच्यासारख्या माणसाला दिवसभरात पेलाभर पाणी प्यायची मुभा, अन् त्यात हा वास. म्हणलं, मरायच्या आधी स्वर्ग आला का काय. मेला मात्र दुसराच."

"वाळा कुणी आणला होता?"

"मला काय माहीत? मागनं यायलता वास."

मागे दोनच माणसं होती. त्यातलं एक शनिवारी मातीत ठेवलं होतं.

४

रुद्रेशनं गाडी स्वतःच्या दारात लावून घेतली होती, किल्ली खिशात. मी भेटायला म्हणून गेलो, आणि ते खोटंही नव्हतं. आप्पांच्या किराणा दुकानातून मी वीस वर्षं माल नेला होता.

बैठकीत माणसं बसलेली. सिद्धम्मा आतल्या दाराशी, कपाळावर भस्म, हात मांडीवर उताणे. तिच्याशेजारी सून ईश्वरी. खोलीत कूलर चालू होता, तरी येणारा प्रत्येक जण उपरण्यानं वारा घेत होता.

कूलर चालू आणि वारा गरम, हे माझ्यासारख्याला बसून बघवत नाही. मी सवयीनं उठून कूलरच्या मागे गेलो. तीन बाजूंना तीन जाळ्या असतात, प्रत्येकीत वाळ्याचं गवत. दोन बाजूंना नवं गवत होतं, पाणी टपकत होतं. तिसरी बाजू उघडी. तिथून खोलीतली गरम हवा सरळ आत ओढली जात होती.

"तिसरं गवत कुठंय?" मी ईश्वरीला हळूच विचारलं.

"माहीत न्हाई, काका. गुरुवारी तर नवीन बसवलं होतं. शुक्रवारपासून दिसंना. या गडबडीत कोण बघतंय."

मी बाहेर आलो. रुद्रेश ओट्यावर उभा होता. चाळिशीचा, डोळे लाल.

"किल्ली दे," मी म्हणालो. "गाडीचा एसी बघायचाय."

"कशाला? नागेशनं बघितलाय. चालू हाय."

"म्हणूनच बघायचाय."

"चांगुणाबाईनं पाठवलं ना तुमाला?"

"पाठवलं. तिचा एकच पोरगा हाय. तुझा कागद खोटा निघाला तर तो परत घेता येतो. त्याचं नाव परत येत न्हाई."

त्यानं किल्ली माझ्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली. मी उचलली.

मागच्या सीटच्या पाठीशी, झोपलेल्या माणसाच्या डोक्यापासून हातभर वर, पत्र्याची उभ्या पट्ट्यांची जाळी आहे. गाडीतली हवा तिथून आत ओढली जाते, मागच्या कॉइलवर गार होते आणि छतातल्या भोकांतून बाहेर येते. कूलरची मागची बाजू आणि ही जाळी शेजारी ठेवली तर अगदी बहिणी वाटतील. मी पट्ट्यांवरून बोट फिरवलं. दोन पट्ट्यांच्या मध्ये तपकिरी, बारीक, कुरळी काडी अडकली होती. मोडून नाकाशी धरली. वाळा.

मी ती काडी खिशात टाकली आणि सीटवर बसून राहिलो. आता मला सगळं कळलं होतं, आणि कुणाला सांगावं ते कळत नव्हतं.

माणसाला पाणी प्यायची बंदी. उन्हानं जीव कासावीस. बायकोला एवढंच माहीत की कूलरचं गवत ओलं असलं की वारा गार येतो, कोरडं असलं की गरम. तिनं घरचं नवं गवत पिशवीत घातलं, परभणीला नळाखाली भिजवलं आणि जाळीवर बसवलं. नवऱ्याला आणखी गार व्हावं म्हणून.

एसीला पाणी लागत नाही. एसीला हवा लागते. जाडजूड ओलं गवत जाळीवर बसलं की आत हवा पोचत नाही, पोचते ती ओलसर. कॉइल गारेगार होत जाते आणि तिच्यावर बर्फ चढतो. बर्फानं उरलेल्या वाटाही बंद होतात. पंखा ओरडत राहतो, वारा येत नाही. गाडी थांबली की बर्फ वितळतो, चटई भिजते, आणि दुसऱ्या दिवशी एसी चांगला निघतो.

पण एवढ्यावर भागत नव्हतं. कॉइल फार गार झाली की कंप्रेसर आपोआप थांबवायला प्रत्येक एसीत एक छोटा पुर्जा असतो, थर्मोस्टॅट. त्यानं बर्फ होऊच द्यायला नको होता.

कंप्रेसर का थांबला नाही, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

५

चार वाजता मी सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं. नागेश आला, दत्तराव काठी टेकत आले, धम्मदीप आईला धरून लांब उभा राहिला. ओट्यावर शेजारपाजारचे. सिद्धम्मा दारात येऊन बसली.

"आधी माझं ऐका," मी म्हणालो. "दोन उन्हाळ्यांपूर्वी पेशंट तक्रार करायचे की एसी मधेच थांबतो. तो थांबायचा कारण त्याला थांबवणारा पुर्जा होता. म्या तो पुर्जा काढून वायर डायरेक्ट जोडली. इकडं सगळेच करतात. लोक खूश झाले, म्याही झालो. पेशंटाच्या गाडीत ते करायचं नव्हतं."

नागेश माझ्याकडे बघत राहिला. सर्व्हिस करताना त्यानं ती वायर पाहिली असणार. त्यालाही ती चूक वाटली नव्हती, कारण त्याला ते मीच शिकवलं होतं.

मी गाडी सुरू केली, एसी पूर्ण लावला. खांद्यावरचा टॉवेल बादलीत बुडवला, दुहेरी करून जाळीवर ताणून बसवला आणि दारं लावली. मग उन्हात आम्ही सगळे उभे राहिलो. अर्ध्या तासानं मी धम्मदीपला आत पाठवलं.

"वारा हाय का?"

"न्हाई."

"पंखा?"

"ओरडायलाय." त्याचा आवाज बदलला. "मामा, हेच. अगदी हेच झालं होतं."

इंजिन बंद केलं. टॉवेल काढला. नागेशनं चार स्क्रू खोलून जाळी उतरवली. आत कॉइल दिसतच नव्हती. नुसता पांढरा बर्फ, बोटभर जाड. एवढ्या उन्हात बर्फ बघायला ओट्यावरची माणसं पुढे आली.

"धम्मदीपनं काही बंद केलं न्हाई," मी म्हणालो. "कागदावर नाव घालायचं तर माझं घाल, रुद्रेश."

रुद्रेश गाडीच्या पायरीवर चढून बर्फाकडे बघत होता. तो बापासारखा हुशार.

"तुमची वायर दोन उन्हाळे तशीच हाय," तो म्हणाला. "दोन उन्हाळे बर्फ झाला न्हाई. आज झाला कारण तुमी ओला टॉवेल लावला. शुक्रवारी तिथं काय होतं?"

याच प्रश्नाला मी दिवसभर घाबरत होतो. धूळ म्हणावं, तर जाळी धुणारा नागेश समोर उभा होता, त्याच्यावर गेलं असतं. माहीत नाही म्हणावं, तर उरलेला संशय पुन्हा धम्मदीपवर. खरं म्हणावं, तर ती दारात बसली होती.

"एसी जुना हाय," मी म्हणालो. "जुन्याचा काही नेम न्हाई."

"बन्सीकाका, मला पोरासारखं समजावू नका. तुमच्या घशाशी काय अडकलंय ते बोला. न्हाईतर म्या समजतो, त्या पोराला वाचवायला तुमी हे सगळं रचलं."

चांगुणाबाईनं पोराचा दंड घट्ट धरला. पट्टी बांधलेल्या हातानं धरला, ते तिच्या लक्षातही आलं नाही. मी खिशात हात घातला. खिशातली काडी बोटांना लागत होती.

"तिथं म्या गवत लावलं होतं."

सिद्धम्मा दारातून उठून आली होती. ईश्वरी मागे धावली, पण तिनं हात सोडवून घेतला.

"कूलरचं. ओलं करून," ती मुलाला म्हणाली. "लय तगमग व्हायलती त्यांची. पाणी मागायलते, म्या देत नव्हते. घोटभरसुद्धा दिलं न्हाई, डॉक्टर रागवतील म्हणून. म्हणलं, निदान गार वारा तरी लागू दे. त्यांची मान कलंडली तेव्हा तेच काढून छातीवर ठेवलं. पिशवीत हाय अजून."

"आई, तू आत चल."

"हे कपड्यानं झालं तसं गवतानं होतं का, बन्सीभाऊ?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चाळीस वर्षांत लोकांनी मला हजार वेळा विचारलं असेल, हे कशानं बिघडलं म्हणून.

"पुर्जा जागेवर असता तर गवतानं काही झालं नसतं," मी म्हणालो. "थोडा वेळ थांबला असता, परत चालू झाला असता."

"अन् पुर्जा नव्हता."

"नव्हता."

"मग होतं," ती म्हणाली.

रुद्रेशनं खिशातून कागद काढला. चार घड्या केलेला. तो उघडून त्यानं वाचला नाही, फाडला नाही, तसाच धम्मदीपच्या हातात दिला, आणि किल्लीही. धम्मदीपनं दोन्ही घेतलं. कुणी कुणाची माफी मागितली नाही. चांगुणाबाई मात्र सिद्धम्माकडे निघाली होती, ती दोन पावलांवर थांबली, कारण सिद्धम्मा गाडीत चढत होती.

मागच्या सीटवर गुडघा टेकून तिनं उघड्या जागेत हात घातला आणि तळवा बर्फावर ठेवला. गार लागल्यावर माणूस हात मागे घेतो. तिनं घेतला नाही.

"एवढं गार हितं होतं," ती म्हणाली. "त्यांच्या डोक्यापासून हातभर."

"आई, हात काढ," रुद्रेश खालून म्हणाला.

ती बसून राहिली. तळव्याखालून पाणी निघालं आणि मनगटावरून कोपराकडे वाहायला लागलं, आणि बर्फात तिच्या हाताची जागा हळूहळू खोल होत गेली.